ही पाळी कालव्याची नव्हे

सिद्धेश्वर कालव्यालगतचा तांडा,
ता. औंढा, जि. हिंगोली.
श्रावण, सन २००५

आदरणीय ओमप्रकाशजी,

तुमच्या मोहनसिंगचा हात जोडून जय सेवालाल. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं रोज चालायला सांगितलंय आणि तुम्ही दिवसभर ऑफिसात बसून असता, अशी वहिनींची तक्रार कानावर आली. (मी तुमचीच बाजू घेतली. सरकारी माणसानं ऑफिसात बसायचं नाही तर कुठं बसायचं?) इकडे सगळं ठीक. हळद मांडीला लागली आहे, म्हैस व्याली, रेडा झाला. तुमच्या बहिणीची, आमच्या जिवनबाईची, तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम की तिचा फोटो पेपरात आला, आणि तो तुम्ही पाहिला, म्हणूनच हे पत्र लिहायला बसलोय.

परवा तुमचा फोन लखमाच्या दुकानावर आला होता. लखमाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. त्याला निरोप दिला की तो पोचवत नाही, वाटतो. मी फाट्यावर उतरायच्या आत सगळ्या बाजाराला कळलं होतं की नांदेडचे मेहुणे विचारून राहिले, घरची विहीर असताना दाजींनी पाणीपट्टीचा मोर्चा काहून काढला, आणि आमच्या बहिणीला पहिल्या रांगेत काहून उभं केलं? तुमचा राग बराबर आहे. पेपरात ठळक अक्षरात ‘कालव्याच्या पाळीसाठी महिला आक्रमक’ असंच छापलंय. पण ओमप्रकाशजी, त्यातला फोटो तेवढा खरा आहे, मजकूर नाही. ऐन वेळी वारा आला, चादरीवरचं लिहिलेलं दुमडलं आणि फोटोत ‘पाळी’ आणि ‘कर’ एवढे दोनच शब्द उरले. ही पाळी कालव्याची नव्हे. आणि करही पाण्याचा नव्हे, तो तुमच्याच करखात्याचा निघाला. म्हणून म्हटलं, तुमच्या साहेबांकडून कळण्याआधी घरच्या माणसाकडून कळलेलं बरं.

झालं असं. तांड्यात तीजेची गडबड चालू होती. पोरींनी टोपल्यांत गहू पेरलेले, गाणी चालू, आणि आमची लेक दिपाच तेवढी आली नव्हती. प्रॅक्टिकल आहे म्हणाली होती. जिवनबाई त्यावरून आधीच तापलेली. (तांड्यातली सायन्सला गेलेली पहिली पोरगी म्हणून वर्षभर मिरवते, पण तीजेला आली नाही की लगेच सायन्स वाईट.) त्यात लखमा दुकानातून ओरडत आला की हिंगोलीच्या वसतिगृहातून गृहपाल बाईंचा फोन होता, पोरीनं मोर्चा काढलाय, येऊन तिला घेऊन जा. कशाचा मोर्चा, असं मी विचारलं. लखमा म्हणाला, “लाइन खरखरत व्हती, पण ‘पाळी’ म्हणाल्या अन् ‘कर’ म्हणाल्या. बाकी काय समजलं न्हाई.”

आता वसतिगृहातून परत आलेल्या पोरीचं आपल्याकडं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुस्तकं ट्रंकेत जातात आणि पुढच्या लग्नसराईत पोरगी दुसऱ्या तांड्यावर जाते. मी जीप ठरवायला निघालो. पण शेजारी उभ्या असलेल्या तांड्याच्या नायकाच्या, खेमाच्या अंगात वेगळंच बळ आलं. खेमाचं शेत कालव्याच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला. पाण्याची पाळी सुटली की वरचे लोक रस्त्यातच फोडून घेतात आणि खेमाच्या वाट्याला ओला चिखल येतो. तो म्हणाला, “मोहनसिंग, आमी म्हातारे अर्ज करून थकलो, अन् तुझ्या पोरीनं मोर्चा काढला! चल, मी बी येतो.” घरी जाऊन धुतलेली पगडी घालून आला आणि जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा धरून बसला. खरं सांगायचं तर मलाही अभिमान वाटायला लागला होता. औंढ्यापर्यंत मी पोरीला काय रागवायचं ते ठरवत होतो, औंढ्यानंतर तिचा सत्कार करावा का, ते ठरवू लागलो. जिवनबाई मात्र एकदाच म्हणाली, “कालव्याच्या पाळीचं दिपाला काय करायचंय?” त्यावर आम्ही दोघा जाणत्या पुरुषांनी तिला कालवा समजावून सांगितला.

गृहपाल मंजुषाबाई पन्नाशीच्या, शिस्तीच्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पण नजर टेबलावरच ठेवली. म्हणाल्या, विषय असा आहे की तुमच्याशी बोलायला मला अवघड वाटतं. मी म्हटलं, “मॅडम, संकोच कशाचा? पाळीबद्दल तर चारचौघांत बोललं पाहिजे. आमच्याकडं उन्हाळ्यात दोन पाळ्या यायला पाहिजेत, यंदा एकच आली. इंजिनिअरच्या मागं लागल्याशिवाय येतच न्हाई.” मॅडमनी पाण्याचा पेला उचलला. खेमा पुढं सरकून म्हणाला, “अन् आली तरी काय? राखण करत बांधावर बसावं लागतं, न्हाई तर शेजारचा घेऊन जातो.” मॅडमना ठसका लागला. ओमप्रकाशजी, त्या बाईंचा चेहरा मी अजून विसरलो नाही. आम्ही दोघं वेडे आहोत की फार पुढारलेले आहोत, ते त्यांना कळत नव्हतं.

खेमा तंबाखू थुंकायला बाहेर गेला आणि तेवढ्यात दिपा आत आली. (हे मुद्दाम लिहितोय. तो त्या वेळी आत असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.) ती माझ्याकडं बघून म्हणाली, “बापू, कालव्याची न्हाई. बायांची पाळी. दर महिन्याची. सॅनिटरी पॅडवर सरकार कर घेतं, तो काढून टाका म्हणून आमचा मोर्चा हाय.” एवढं सगळं ती एका दमात बोलली, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मी त्यातल्या तिथी वाचायला लागलो. भाद्रपदापर्यंत पोचलो तरी पोरीचं संपेना. कुंकवावर कर नाही म्हणे, बांगड्यांवर नाही, आणि जे नसलं तर पोरीला वर्गात बसता येत नाही त्यावर आहे. एका खोलीतल्या पोरी मिळून एक पाकीट आणतात आणि पुरवून पुरवून वापरतात. ते संपलं की जुनं कापड, आणि कापड वाळवायला वसतिगृहात जागा नाही, म्हणून मग कॉलेज बुडवून खोलीत बसायचं.

जिवनबाई पोरीच्या थोबाडीत मारायच्या तयारीनंच उठली होती. (जीपमध्ये तिनं बांगड्या मागं सरकवलेल्या मी पाहिल्या होत्या.) पण तिनं मारलं नाही. तिनं विचारलं, “अशी कोणाची परीक्षा बुडाली का?” दिपा म्हणाली, “रीताची.” रीता म्हणजे दिपाच्या खोलीतली, पलीकडच्या तांड्यातली पोरगी, केमिस्ट्रीत सगळ्यांच्या पुढं. प्रॅक्टिकलच्या दिवशी जवळ काहीच नव्हतं आणि मागायला लाजली. परीक्षा बुडाली, बाप येऊन घेऊन गेला, आता स्थळ बघून राहिले. दिपानं मोर्चा काढला तो त्यामुळे. जिवनबाईचा वर गेलेला हात खाली आला आणि तिनं पोरीची ओढणी सारखी केली.

मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की एक तर माफी लिहून द्या, नाही तर पोरीला घरी न्या. पोरींनी वसतिगृहाच्याच चादरीवर तो शब्द बोटबोटभर जाड अक्षरात रंगवून फाटकाबाहेर लावला होता, आणि समोरून येणारे-जाणारे सायकली थांबवून वाचत होते. दिपा म्हणाली, माफी लिहिणार न्हाई. बाकीच्या पोरी दारात उभ्या, त्याही म्हणाल्या, न्हाई. मग हळूहळू सगळी हकिगत कळली. आदल्या दिवशी पोरी मोठ्या कचेरीत निवेदन घेऊन गेल्या होत्या. आवक टेबलावरच्या बाबूनं विषय वाचला, ‘पाळीवरील कर रद्द करणेबाबत’, आणि त्यांना सरळ पाटबंधाऱ्याकडं पाठवलं. तिथल्या साहेबांनी अर्धा कागद वाचला, घडी केली, सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मग कचेरीत सांगितलं गेलं की उद्या दुपारी या, कर लागतो याचा पुरावा आणा, आणि पालक आणा. पालक मिळेनात. एकीचे वडील फाटकापर्यंत आले होते, विषय कळल्यावर त्यांना बैल आजारी असल्याचं आठवलं. म्हणजे त्या दिवशी सगळ्या पोरींना मिळून पालक म्हणून मी, तुमची बहीण आणि बाहेर तंबाखू मळणारा खेमा.

पुरावा आणायचं काम माझ्यावर आलं. मेडिकलमधून एक पाकीट आणि त्याचं पक्कं बिल आणायचं. मी म्हटलं, त्यात काय एवढं? बैलाची औषधं आणतो, फवारणीची आणतो, हेही आणू. कोपऱ्यावर बालाजी नावाच्या पोराचं दुकान आहे. मी गेलो तर तिथं दोन माणसं उभी होती. मी खोकल्याचं औषध घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तर एक मास्तर उभे होते, मी डोकेदुखीचा बाम घेतला. तिसऱ्यांदा दुकान मोकळं होतं, बालाजी एकटाच, पण त्यानं “बोला काका” म्हणताच माझ्या तोंडून “ग्राइप वॉटर” निघालं. (घरात तान्हं लेकरू कोणतं? रेडा.) चौथ्यांदा गेलो तेव्हा बालाजीच म्हणाला, “काका, नेमकं काय पाहिजे?” मी म्हटलं, “पोरीनं सांगितलंय ते.” त्याला लगेच समजलं. त्यानं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, ते काळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि काउंटरच्या खालून असं सरकवलं की जणू दोघांनी मिळून कुठंतरी चोरी केली आहे. मी बिल मागितलं. त्यानं लिहून दिलं, ‘इतर’.

ते बिल दिपानं परत केलं. ‘इतर’वर कर लागतो हे दाखवून काय करू, म्हणाली. मी पुन्हा गेलो. बालाजीला म्हटलं, नाव लिही. तो म्हणाला, “काका, ह्याचं नाव आमी लिहीत न्हाई. गिऱ्हाइकालाच नको असतं.” तोपर्यंत दुकानात चांगली गर्दी झाली होती. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, “कर घेताना सरकारला नाव माहीत असतं ना? मग तेच लिही.” सगळं दुकान माझ्याकडं बघायला लागलं. बालाजीनं खाली मान घालून बारीक अक्षरात नाव लिहिलं, खाली कर लिहिला. मागं एक बाई काळी पिशवी पदराखाली धरून उभी होती. ती पुढं येऊन म्हणाली, “मला बी तसंच बिल द्या.” मी तिच्याकडं पाहिलं नाही, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण बाहेर पडताना मी जरा छाती काढूनच चाललो असेन.

मग मोर्चा निघाला. मला मागं चालायचं होतं, पण पोरींनी लोटत लोटत पुढं नेलं. (हे तुम्ही नीट ध्यानात घ्यावं.) चादरीचं एक टोक जिवनबाईनं धरलं आणि दुसरं खेमानं मोठ्या मानानं स्वतःहून घेतलं. खेमाला वाचता येत नाही हे तुम्ही जाणताच. त्याला खरी गोष्ट सांगायची जबाबदारी माझी होती, आणि मी दोनदा त्याच्या कानाजवळ तोंड नेलंही. पण पंचायतीत चार गावांसमोर बोलणाऱ्या त्या माणसाला हे कोणत्या शब्दांत सांगावं, ते मला सुचेना. पोरी ओरडायच्या, “पाळी काही चैन न्हाई!” की खेमा त्यांच्यावर आवाज चढवून ओरडायचा, “टेलला अजून पाणी न्हाई!” दोन्ही इतकं बरोबर जुळायचं की पोरींनीही ते तसंच चालू ठेवलं. पेपरवाला आला तर पोरींना सोडून तो पगडीवाल्याकडं गेला, आणि खेमानं त्याला धरणापासून टेलपर्यंतची सगळी मुलाखत दिली. आता तुम्हाला समजलं असेल, पेपरात ते तसं का छापून आलं.

कचेरीत साहेबांनी चांगलं वागवलं, खोटं कशाला बोलू? बसायला सांगितलं, निवेदन हातात घेतलं. विषय वाचला आणि शिपायाला पंखा वाढवायला सांगितलं. म्हणाले, लेखी दिलंय ना, मग बोलायची काही गरज नाही. त्यावर खेमा उठून उभा राहिला. “न्हाई साहेब, बोललंच पाहिजे. पाळी येळेवर आली न्हाई तर आमच्या घरात चूल पेटत न्हाई.” साहेब त्याच्याकडं बघतच राहिले. दारातल्या शिपायानं मान खाली घातली. दिपानं बोलायला तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, तू राहू दे बेटा, पालकांना बोलू दे. पालक म्हणजे मी. मी खोकलो. (औषध खिशात होतं.) मी पुन्हा खोकलो. मग मागून बांगड्या वाजल्या आणि जिवनबाई पुढं आली.

ओमप्रकाशजी, आता जे लिहितोय ते तुम्ही एकटे असताना वाचा. वहिनींना नंतर दाखवा.

ती म्हणाली, “साहेब, मी सातवी नापास हाय. गणितात मी वर्गात पयली व्हते. परीक्षेच्या दिवशी तांड्यावरून निघाले अन् अर्ध्या वाटेत परकर भरला. मला ठाऊकच न्हवतं हे काय असतंय. मला वाटलं, मी मरून राहिले. ओढ्यात उतरले, परकर धुतला, वाळंपर्यंत बाभळीखाली बसले. वाळला तवर पेपर संपला व्हता. घरी जाऊन सांगितलं, पेपर दिला. दुसऱ्या दिवशी बी तिथंच बसले. मंग नापास झाले अन् लगीन झालं. आजवर कोणाला बोलले न्हाई, ह्यांना बी न्हाई.” ह्यांना म्हणजे मला. मी भिंतीकडं पाहत होतो, पण तिथं कॅलेंडर नव्हतं. ती पुढं म्हणाली, “तवा ह्या वस्तू आमाला ठाऊकच न्हवत्या. आता दुकानात मिळतात, तर त्याच्यावर कर. साहेब, माझ्या वाटंत ओढा आडवा आला. ह्या पोरींच्या वाटंत तुमी येऊ नका.”

तिनं तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही दोघं त्याच वाटेनं शाळेत जायचात, तुम्ही पुढच्या वर्गात होतात आणि पुढं पळायचात, एवढं मला माहीत आहे. आजही कार्यात पाहुणे जमले की तुम्ही हसत सांगता, आमची जिवन सातवी नापास, आणि सगळे हसतात, तीही हसते. ह्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला कोण सांगणार होतं? पण आता तुम्हाला कळलंय.

खेमाला सगळं उमगलं ते बहुतेक ओढ्याच्या ठिकाणी. मी त्याच्याकडं बघायला भीत होतो. मला वाटलं, हा आता उठून जाणार आणि तांड्यावर मला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही. त्यानं घसा खाकरला, पगडीला हात लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “साहेब, कालव्याचं आमी पुन्हा येऊ. आधी ह्या लेकरांचं लिहून घ्या.”

साहेबांनी लिहून घेतलं. मोठ्यानं विषय वाचत, पूर्ण नावानिशी, प्रतीवर शिक्का मारला. म्हणाले, कर काढणं माझ्या हातात नाही, मी वर पाठवीन. आणि एक प्रत नांदेडला, करखात्याच्या ऑफिसात द्या. मंजुषाबाई चादर परत मिळावी म्हणून मागोमाग आल्या होत्या, त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्यावर त्या दिपाला म्हणाल्या, “चादर धुवून आण.” दिपा म्हणाली, रंग जाणार नाही. तर म्हणाल्या, “मग राहू दे.” माफीचं नाव काढलं नाही. पोरगी वसतिगृहातच आहे.

जीपमध्ये, औंढा मागं पडल्यावर खेमा म्हणाला, “तुला ठाऊक व्हतं?” मी म्हटलं, व्हय. “अन् मला दिवसभर तसंच वरडू दिलं?” मी म्हटलं, सांगायला जीभ वळली न्हाई. त्यानं एकदा कालव्याकडं पाहिलं. मग हसायला लागला, पगडी हलेपर्यंत हसला. घरी जाऊन त्यानं बायकोला, पारुबाईला काय विचारलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी पारुबाई जिवनबाईकडं आली, आणि दोघी चुलीपाशी बसून इतक्या वेळ बोलल्या की माझी भाकर करपली. जिवनबाई रीताच्या तांड्यावरही जाऊन आली. रीताचा बाप ‘बघू’ म्हणाला. जिवनबाई म्हणते, ती पुन्हा जाणार, आणि तो ‘पाठवतो’ म्हणेपर्यंत जात राहणार.

असं सगळं झालं. कर आहे तिथंच आहे. पण तुमच्या मनातला पाणीपट्टीचा गैरसमज दूर व्हावा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच केला, दुसरा काही हेतू नाही. गुडघ्याला जपा. वहिनींना आणि लेकरांना घेऊन दसऱ्याला या, जागा आहे, दूधही आहे.

तुमचा,
मोहनसिंग राठोड

ता. क. पत्र जिवनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, पोरींनी लोटत पुढं नेलं, हे खोडा. तिचं म्हणणं, कुणी लोटलं नाही. तिनं चादर धरलेली बघून मी पायातली चप्पल हातात घेऊन मागून पळत पुढं आलो आणि पोरींच्या वरचढ आवाजात ओरडलो. काय ओरडलो तेही तिनं सांगितलं, पण ते मी लिहिणार नाही. कागद खराब होईल म्हणून खोडलं नाही. तुम्ही ते खोडलेलं आहे असं समजून वाचा.

आणखी ता. क. पाकिटात राखी आहे. मोर्चाच्या गडबडीत तिला नांदेडला येता आलं नाही. राखीखाली निवेदनाची प्रत आहे, बिल जोडलेलं आहे. ओवाळणी म्हणून यंदा साडी नको, असं तिनं मुद्दाम लिहायला लावलंय. साडीऐवजी ही प्रत तुम्ही स्वतः, दुसऱ्या कुणाच्या हाती न देता, तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि शिक्का मारून घ्यायचा. साहेबांनी विषय विचारला तर तोही तुम्हीच वाचायचा, उभं राहून, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा. हळू वाचला तर ओवाळणी पोचली असं ती धरणार नाही.